तलावापासून किती अंतरावर?

निवृत्तीनंतर सावंतवाडीत राहायचं म्हणणारी माणसं गाव बघायला येतात ती बहुधा दिवाळीनंतर. पाऊस संपलेला, मोती तलाव काठोकाठ, पलीकडे राजवाडा, चितारआळीतल्या दुकानांत लाकडाची केळी-आंबे-फणस. दोन संध्याकाळी तलावाला फेरी मारली की नवराबायकोचं एकमत होतं. मग एजंट येतो आणि त्यांना गावाबाहेर आठ किलोमीटरवर दहा गुंठ्यांचा, मागे डोंगर आणि पुढे व्हाळ (ओढा) असलेला प्लॉट दाखवतो. तिथे फसगत सुरू होते. जागा खोटी असते असं नाही, पण ज्यासाठी सावंतवाडी आवडली त्यातलं काहीच त्या प्लॉटवर नसतं.

या गावाचं सुख पायी फिरण्याच्या अंतरात आहे. तलावाभोवतीच जगन्नाथराव भोसले उद्यान, पंचम खेमराज महाविद्यालय, राजवाडा आणि संध्याकाळी गप्पांना व कधीमधी कविसंमेलनाला लागणारा केशवसुत कट्टा. एसटी स्टँड, मासळीबाजार, दीडशे वर्षांहून जुनं श्रीराम वाचन मंदिर, उपजिल्हा रुग्णालय ही सगळी ठिकाणंही फार लांब नाहीत. मंगळवारी आठवडा बाजार. हे सगळं चालत करता आलं तर सत्तरीतल्या माणसाचा दिवस आपोआप भरतो, त्याला कुणाच्या मेहेरबानीची गरज पडत नाही. मोतीबिंदू झाला, रात्रीची गाडी चालवणं बंद झालं की आठ किलोमीटरवरच्या बंगल्यातून वाचनालयात जाणं हा एक कार्यक्रम होतो. मग तो महिन्यातून एकदा होतो. मग होत नाही.

म्हणून घर शोधताना पहिला प्रश्न किमतीचा ठेवू नका, तलावापासूनच्या अंतराचा ठेवा, आणि ते अंतर नकाशावर मोजू नका. तलाव खोलगट जागी आहे, भोवतीचे वाडे चढावर. सालईवाडा, सबनीसवाडा, खासकीलवाडा, भटवाडी इथली घरं कागदावर जवळ दिसतात, पण भाजीच्या दोन पिशव्या घेऊन परतताना चढ गुडघ्याला कळतो. घर बघायला जाल तेव्हा एकदा तलावापासून घरापर्यंत सामान हातात घेऊन चालत जा. मध्ये किती वेळा थांबावं लागतं, रस्त्याला कडेने चालायला जागा आहे का, गटारावर फरशी आहे का, रात्री दिवे आहेत का, हे बघा. माजगाव, चराठा, कोलगाव ही लगतची गावं रिक्षाच्या टप्प्यात आहेत, तिथेही माणसं मजेत राहतात. पण रिक्षा तुमच्या वाडीत यायला तयार आहे का, आणि रात्री नऊनंतर येईल का, हे आधी रिक्षास्टँडवर विचारावं.

आधी भाड्याने राहावं, आणि ते जून ते सप्टेंबर. जानेवारीत भाड्याने राहून काही कळत नाही. इथे पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि तीस किलोमीटरवरच्या आंबोलीत त्याच्या जवळपास दुप्पट. पुण्याच्या माणसाला पाऊस म्हणजे भिजणं. इथे पाऊस म्हणजे न वाळणं. कपडे तीन-तीन दिवस दोरीवर, चामडी चपलांवर हिरवट बुरशी, पुस्तकांना वास, मिठाच्या बरणीत पाणी. हे चार महिने ज्याला सोसतात, त्याला उरलेले आठ महिने स्वर्ग वाटतात यात शंका नाही. ज्याला दमा आहे किंवा सांधे आखडतात, त्याने ठरवायच्या आधी एक अख्खा जुलै इथे काढावा.

घर बघायची वेळही पावसाळ्याचीच. नैर्ऋत्येकडच्या भिंतीला आतून हात लावा, कारण पावसाचा मारा त्या बाजूने येतो. भिंत थंड आणि दमट लागली, किंवा नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांवर दिसला, तर तिथे दरवर्षी ओल येते आणि दरवर्षी लपवली जाते असं समजा. जांभ्या चिऱ्याची भिंत सच्छिद्र असते. उन्हाळ्यात तीच घर थंड ठेवते, पावसाळ्यात तीच पाणी पिते. उपाय गिलाव्यात नाही, छपरात आहे: पडवी, नाहीतर भिंतीपासून निदान अडीच-तीन फूट बाहेर येणारी पाखं, आणि ज्या बाजूने झोड येते तिथे झावळ्यांची झड किंवा आताशा प्लास्टिकचं कापड. बाहेरून जलरोधक रंग फासून भिंत बंद केली आणि आतली ओल निघायला वाटच ठेवली नाही, तर दोन पावसांत रंगाचे पापुद्रे सुटतात.

कौलारू घर दिसायला सुंदर, आणि त्याला दरवर्षी माणूस लागतो. मे महिन्यात कौलं परतावी लागतात: फुटलेली बदलायची, सरकलेली बसवायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा, कोनवाशावरचं सिमेंट चिरलं असेल तर पुन्हा भरायचं. कौलावर चढणारी माणसं कमी झालीत, मे महिन्यात ती सगळ्यांनाच हवी असतात, तेव्हा एप्रिलातच सांगून ठेवावं. घर घेताना छपराकडे खालून बघा. वाशाला टाचणी टोचा. सहज आत गेली तर वाळवीने आतून खाल्लेलं आहे, आणि वासे बदलणं म्हणजे सगळं छप्पर उतरवणं. स्लॅबचं घर असेल तर वर पत्र्याची शेड आहे का पाहा. इथे बहुतेकांनी ती घातलेली दिसेल. गळतीवरचा तोच खात्रीचा इलाज आहे, शिवाय कपडे वाळत घालायला जागा मिळते. शेड आणि स्लॅब यांत माणूस उभा राहील एवढं अंतर हवं, नाहीतर मधली घाण निघत नाही आणि पत्र्याची उष्णता खाली उतरते.

जोत्याकडेही लक्ष द्या. कोकणातल्या जुन्या घरांची जोती उंच, चार-पाच पायऱ्या सहज, आणि त्याही चिऱ्याच्या. जूनअखेर त्यांच्यावर शेवाळ धरतं. पडून खुबा मोडायची ही ठरलेली जागा. दोन्ही बाजूंना कठडा बसवून घ्या, पायऱ्या पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून ताठ झाडूने घासा, आणि गुळगुळीत फरशी बाहेर कुठेही लावू नका. न्हाणीघर आणि संडास झोपण्याच्या खोलीला लागून, त्याच पातळीवर असावेत. जुन्या घरात ते मागच्या अंगणात असतात, आणि रात्री दोन वाजता भर पावसात अंगण ओलांडायला उत्साह लागतो. त्या अंधारात फुरसं हा विषारी सापही असू शकतो. फुरसं लहान असतं, पाचोळ्याच्या रंगाचं असतं, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. बॅटरी, बंद पायताण आणि घराभोवती चार फूट झाडून ठेवलेली जमीन, एवढं पाळलं तर भीती बाळगायचं कारण नाही.

इतका पाऊस पडूनही पाण्याची चौकशी करावी लागते, हे नव्या माणसाला पटत नाही. जांभ्यातून पाणी जितक्या लवकर मुरतं तितक्याच लवकर निघूनही जातं. चढावरच्या आणि सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या माळावरच्या) विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात. शहराला पाळणेकोंड धरणाचं नळपाणी आहे, शहराबाहेर ज्याची त्याची विहीर. विहीर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बघावी, आणि शेजारच्यांना विचारावं, मालकाला नव्हे. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यातल्या भेगांतून मैलापाणी अनपेक्षित वाटेने विहिरीत उतरतं. तपासणीचा अहवाल मागायला लाजू नये.

वीज जाते. पावसाच्या सुरुवातीला झाडं तारांवर पडतात, आणि मे अखेरच्या वळिवात कडकडाट इतका असतो की टीव्ही, राउटर यांचे प्लग काढून ठेवायची सवय लागते. इन्व्हर्टर घेताना हिशेब करून घ्या. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॅट-अवर, हाती येतात बाराशे-तेराशे. सत्तर वॅटचे तीन पंखे आणि नऊ वॅटचे पाच दिवे म्हणजे अडीचशे वॅट, म्हणजे पाच तास. तेच पंखे तीस वॅटचे बीएलडीसी घेतले तर भार निम्मा होतो आणि रात्र निघते. फ्रिज त्यावर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी न उघडलेला साठा एकाच महिन्याचा ठेवावा. चालू असलेलं पेन चार आठवडे बाहेर टिकतं, पण तीस अंशांच्या खाली, आणि इथला मे त्याच्या वर जातो. ओल्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवलं तर काम भागतं. अर्थिंगचा खड्डा हा इथला दुर्लक्षित विषय. जांभा जमीन सुकली की अर्थिंग नावापुरतं राहतं, म्हणून जानेवारीपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं.

जमिनीचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण नियम एकच आहे: शहरातलं, मिळकत पत्रिका असलेलं, बांधलेलं घर किंवा फ्लॅट घ्या, आणि रात्री झोपा. शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, कुळकायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. त्यातून पार झालात तरी सातबारावर पंचवीस-तीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, आणि वारस नोंद झालेली नाही. एकाने सही केली म्हणजे जमीन मिळाली असं होत नाही. इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) किंवा वनसंज्ञा (वन म्हणून नोंद) असा शेरा आहे का, हे वकिलाकडून तीस वर्षांचा शोध काढून पाहावं. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर, म्हणजे संस्थानकाळापासून गावाकडे सामाईक असलेल्या जमिनींचा गुंता वर्षानुवर्षांचा आहे, तेव्हा थंड हवेच्या मोहाने तिथे इसार देऊ नका. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीवर न्यायालयाचे निर्बंध आले आहेत, म्हणजे घेतलेल्या जागेवर झाड आडवं आलं तर घराचा आराखडाच बदलावा लागेल. जाण्यायेण्याची वाट नकाशात आहे की निव्वळ वहिवाटीची, हेही बघा. शेजाऱ्याशी बिनसलं की वहिवाटीची वाट आधी बंद होते.

दवाखान्याबद्दल मात्र गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. रोजचा ताप, रक्तदाब, मधुमेह, दात, डोळे हे गावात होतं. मोठं दुखणं आलं की गाडी गोव्याकडे वळते. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज साठ-पासष्ट किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर दीड तास. हृदयविकाराच्या झटक्यात हा दीड तास फार मोठा आहे. ज्याला आधीच स्टेंट बसलेला आहे, त्याने इथे कायमचं घर करण्याआधी आपल्या डॉक्टरशी याच एका प्रश्नावर बोलावं. परराज्यातल्या पेशंटला तिथे शुल्क लागू शकतं, तेव्हा आपली विमा पॉलिसी किंवा महात्मा फुले योजना तिथे कशी चालते ते शांत वेळी विचारून ठेवावं. फाइलचा एक संच गाडीत, एक फोनमध्ये. आंबोली घाटातून बेळगाव नव्वदेक किलोमीटर, पण दरड आली की ती वाट बंद, म्हणून पावसाळ्यात बेळगाव-कोल्हापूर हिशेबात धरू नये. लेप्टोचं (उंदरांमुळे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचं) भय भातलावणीच्या दिवसांत खरं असतं: पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी उतरू नका. आणि बांदा-दोडामार्गकडच्या काजूबागांत जानेवारी ते मे माकडतापाची साथ येते, तिथे मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं.

आता कला. सावंतवाडीला कलेचं गाव म्हणतात ते खरं आहे, पण मनात चित्रप्रदर्शनं आणि कॉफीहाउसं असतील तर निराशा होईल, त्यासाठी पणजी आहे. इथली कला हाताने काम करणाऱ्यांची आहे. चितारी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या लाख आणि लाकडाचं काम करत आली. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, जवळजवळ बुडाली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली, आणि आज राजवाड्याच्या दरबार हॉलात कारागीर बसून पत्ते रंगवताना दिसतात.

पुढ्यात गोल चकती, हातात बारीक कुंचला, आधी पार्श्वभूमीचा रंग, मग किनार, मग आकृती. दशावतारी गंजिफेचे पत्ते १२०: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. राजा, प्रधान आणि एक ते दहा. पत्ते गोल असल्यामुळे हातात पंखा धरायची सवय उपयोगी पडत नाही, ते एकमेकांवरून सरकवत बघावे लागतात. तिघांचा डाव, प्रत्येकी चाळीस. हुकूम नसतो. पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दहा लहान. दिवसा खेळलं तर सुरुवात रामाच्या राजाकडून, रात्री कृष्णाच्या. कुठला पत्ता होऊन गेला ते लक्षात ठेवणं हाच खेळ. ब्रिज खेळणाऱ्याला तो दोन बैठकांत जमेल. अडचण पत्त्यांची नाही, तिसऱ्या भिडूची आहे, कारण गंजिफा विकत घेणारे पुष्कळ आणि खेळणारे मोजके. दुपारी तिघं-चौघं जमवून डाव मांडणं हे इथे येणाऱ्या निवृत्त माणसांनी हाती घ्यावं असं काम आहे, त्याला अनुदान लागत नाही.

घेताना भिंगाखाली बघा. छापील असेल तर रंगाचे ठिपके दिसतात, हाताचं असेल तर कुंचल्याची रेघ कुठेतरी जाड-बारीक होते. लाखेचं काम सॅनिटायझरने कधी पुसू नये: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चकाकी चिकट होऊन निघते. कोरडं मऊ फडकं बस झालं. लाकडी फळांसाठी पूर्वी पांगारा वापरत, तो हलका आणि कोरायला सोपा. आता तो सहज मिळत नाही, इतर लाकडं वापरतात, आणि लाकूड नीट वाळलेलं नसेल तर पहिल्या पावसानंतर बारीक भोकातून पिवळा भुसा गळायला लागतो. तसं झालं तर वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

स्वतः चित्रं काढणाऱ्यांनी जलरंगाचा कागद पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवावा. दमट कागदाची खळ मरते आणि रंग ब्लॉटिंगसारखा पसरतो. चित्राला काच लावताना माउंट हवाच, काच चित्राला टेकली की मधे बुरशी धरते. तबला जुलैत उतरतो, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. वाद्य ठेवलेल्या कपाटात जुन्या पद्धतीचा छोटा पिवळा दिवा जाळीच्या आत, कशालाही न टेकता लावून ठेवतात. एलईडीने ते काम होत नाही, त्याला ऊबच नसते.

कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि दशावतार सुरू होतो. नाटक मध्यरात्रीच्या आगेमागे उभं राहतं, पहाटेपर्यंत चालतं, संवाद लिहिलेले नसतात. सोबत चटई, स्वेटर, पाण्याची बाटली न्यावी. पूर्ण रात्र जमणार नसेल तर नटांच्या रंगभूषेच्या वेळी जावं, आपला चेहरा आपणच रंगवतात, आणि ते बघणं निम्म्या नाटकाइतकं मोलाचं. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा, कुणकेरीचा हुडा (शिमग्यात उंच खांबावर चढण्याचा उत्सव), कुडाळजवळ पिंगुळीतली चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली कथा) आणि कळसूत्री, हे सगळं एसटीच्या पल्ल्यात आहे. एसटीत पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्धं तिकीट, पुढे फुकट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर, मुंबईची तुतारी एक्सप्रेस इथूनच सुटते, पण वंदे भारत थांबत नाही, तिच्यासाठी कणकवली किंवा थिवी गाठावं लागतं. विमानासाठी गोव्यातलं मोपा जवळ.

माणसांचं म्हणाल तर मालवणी कळायला लागली की अर्धं काम झालं, बोलता नाही आली तरी चालतं. नव्या माणसाकडे सुरुवातीला पाहुणा म्हणून बघतात, आणि गणपतीत चाकरमानी आले की तो मागे पडतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं, वाडीतल्या देवळाची वर्गणी न मागता द्यावी, आणि गावकीच्या मानपानात मत देऊ नये. रंगकामाला, विहीर उपसायला माणसं हवी असतील तर गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि भातकापणी सोडून बोलवा. त्या दिवसांत दुप्पट मजुरी दिली तरी कुणी येत नाही.

शेवटची गोष्ट नवराबायकोने एकत्र बसून ठरवायची. दोघांपैकी एकजण मागे राहणार. मागे राहणाऱ्याला गाडी चालवता येते का, गॅस आणि पंप बदलता येतो का, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचं ते ठाऊक आहे का. घर दोघांच्या नावावर करा, वीजमीटर आणि घरपट्टीवरही दोघांची नावं घाला, मृत्युपत्र नोंदवा. इथली घरं विकायला वेळ लागतो, दोन-तीन वर्षं गिऱ्हाईक न मिळणं नवल नाही. म्हणून सगळी पुंजी घरात घालू नका. पुण्या-मुंबईतली जागा असेल तर पहिली तीन वर्षं ती विकू नका, भाड्याने द्या, आणि करार अकरा महिन्यांचाच ठेवा.